भिंतीत चिणलेली सावली

एका राज्यात, जिथे नदीला मान होता आणि पाखरांना वाचा होती, ऐन काठावर एक मशीद उभी होती. काळ्या पाषाणाची, चुन्यात बांधलेली. खांबांवर दगडातच कोरलेल्या साखळ्या, मधोमध हौद, माथ्यावर घुमट. नदीच्या अंगाला मात्र भिंतच नव्हती, नुसत्या उघड्या कमानी. ती बांधणाऱ्या सुलतानाने नदीला शब्द दिला होता, "तुझी जागा मी घेतली, पुरात तू माझ्याकडे ये." म्हणून पूर चढला की लोक चटया गुंडाळीत, दिवे उतरवीत आणि बाजूला होत. नदी आत येई, मिहराबाची, नमाजाच्या कोनाड्याची, पायरी भिजवी, परत जाई. शतके लोटली, पण एक चिरा हलला नाही.

पुढे शूरधवल राजा गादीवर आला. पूर आत शिरताना पाहून तो कडाडला, "देवाच्या घरात चिखल? कमानी बुजवा!"

मशिदीची झाडलोट-देखभाल करणारा म्हातारा खादिम बदरुद्दीनचाचा म्हणाला, "हुजूर, ती पाहुणी आहे. दार लावलंत तर दुसरीकडून येईल, आणि मग पाय पुसून येणार नाही."

"नदीला पाय असतात काय, म्हाताऱ्या?"

"पूर आला की बघून घ्या, हुजूर."

राजाने कालदंष्ट्र जादूगाराला बोलावले. जादूगार म्हणाला, "भिंत उभी करतो. पण तीत एक सावली चिणावी लागेल. आपल्या सर्वांत लाडक्या माणसाची."

"सावलीच ना? घेऊन जा."

एवढेच बोलला राजा! राजकन्या कनकलेखा मशिदीच्या अंगणात उभी होती. जादूगाराने तिची सावली फरशीवरून चादरीसारखी गुंडाळली आणि काखोटीला मारली. भिंत उभी राहिली, आरशासारखी गुळगुळीत. दरबाराने टाळ्या वाजवल्या. होय, टाळ्या!

पूर आला. भिंतीवर आपटून वळला आणि थेट पेठेत घुसला. दुकाने गेली, गोठे गेले, दाराशी बांधलेल्या होड्या छपरांवर जाऊन बसल्या. त्याच घटकेला मशिदीच्या अंगणात कनकलेखेची पावले पाषाणाची झाली. मग गुडघे. मग कंबर. कालदंष्ट्र केव्हाच पसार झाला होता.

तेव्हा घुमटातला पारवा बोलला, "राजा, दगड तिच्या ओठांशी पोचण्याआधी तीन कामे कर. वेताळटेकडीची चुनखडी पाठीवरून आणून भाज. तो चुना गूळ-हिरड्याच्या पाण्यात घाणीवर दळ. आणि भिंत हातांनी फोड."

"माझे सैन्य आहे."

"सावली सैन्याने दिली होती काय?"

राजा टेकडीवर गेला. वेताळ म्हणाला, "ओझे टाक, राज्य दुप्पट करतो." राजाने मान वर केली नाही. चुनखडी आणली, भट्टीत भाजली. घाणीला बैल जुंपायला गेला, तर बैल म्हणाले, "आमची वैरण तुझ्या भिंतीपायी वाहून गेली. आता तूच ओढ." राजाने जू खांद्यावर घेतले.

मग तो भिंतीशी आला. पहिला घाव घालताच आतून आवाज आला, "बाबा, दुखतंय!"

राजाने हात मागे घेतले. दगड आता लेकीच्या गळ्याशी आला होता.

"थांबू नका, हुजूर!" बदरुद्दीनचाचा ओरडला. "दुखतो म्हणून काटा पायातच ठेवतात काय?"

राजाने डोळे मिटले आणि भिंत फोडली. नखे तुटली, बोटे सोलली. भिंत कोसळली, तसे जुने खांब तडकलेले दिसले, घुमट कलला. राजाने दळलेला चुना ओंजळींनी तड्यांत भरला. चुन्याने दगड घट्ट धरला. मग नदी कमानींतून आत आली. ढिगाऱ्यातून तिने सावली उचलली आणि कनकलेखेच्या पायांशी नेऊन पसरली. पाषाणाचे पुन्हा अंग झाले.

राजा रडत म्हणाला, "लेकी, वाचलीस!"

कनकलेखा म्हणाली, "महाराज, सावली माझी होती. मला का विचारले नाहीत?"

राजाने राजमुद्रा काढून तिच्या हाती ठेवली, आणि पुढच्या पुराला बदरुद्दीनचाचाबरोबर चटया गुंडाळायला गेला. पेठ पुन्हा वसली. कनकलेखेने पहिला हुकूम काढला: ज्याचे आहे त्याला विचारल्यावाचून राजाने काहीही देऊन टाकू नये.

तो हुकूम त्या राज्यात अजून चालतो. आपापल्या राज्यात चालतो का, ते ऐकणाऱ्यांनी घरी जाऊन पाहावे.