फेतूची करवंटी

ए, पाय आत घ्या बघू पांघरुणात. आणि मधे मधे बोलायचं नाही, नाहीतर मी उठून जाईन. तर एकदा काय झालं, आपल्या समुद्रापलीकडे जो समुद्र, त्याच्याही पलीकडे एक बेट होतं. तिथल्या राजाचं नाव मोआला. त्याला झोपच येईना. डोळ्याला डोळा म्हणून लागेना. त्याचा तरणाताठा मुलगा फेतू समुद्रात बुडाला होता. मग राजाने काय करावं? रडला नाही हो. उलट हुकूम काढला, फेतूचं नाव जो घेईल त्याला समुद्रात फेकून देईन. पोटच्या पोराचं नाव! मी तर ऐकून तोंडात बोटच घातलं.

मग काय, झोपेवाचून डोकं फिरलं त्याचं. म्हणाला, माड सळसळतात, तोडून टाका. तोडले. म्हणाला, कोंबडे आरवतात, चोची बांधा. बांधल्या. तरी झोप नाही. मग म्हणाला, शेजारच्या बेटावरचे लोक शंख फुंकतात, त्यांनीच माझी झोप घालवली. उद्या होड्या काढा, सगळं बेट जाळू. ऐकलंत ना? झोप येत नाही याला, आणि जाळायची दुसऱ्यांची घरं.

त्या बेटावर लुपे नावाची मुलगी होती. तिचा बाप पहिल्या होडीचा वल्हेकरी, म्हणजे पहिला भाला त्यालाच लागायचा. लुपेचं काम कावा करायचं. आपला गनिमी कावा नव्हे बरं का. हे एक झाड, मिरवेलीच्या भाऊबंदांतलं. त्याची मुळी कुटायची, पाण्यात कोळायची, गाळायची. दिसायला गढूळ, चवीला कडूजहर. पण जीभ बधिर होते, अंग हलकं होतं, तापलेलं डोकं निवतं. म्हातारी माणसं झोपेसाठी घोटभर घ्यायची. आणि लग्न असो, भांडण असो, नाहीतर लढाई, आधी सगळ्यांनी गोल बसून कावा प्यायचा, ही तिथली रीत. पहिला मान राजाचा. करवंटी ज्याची, त्याचं नाव घेऊन त्याच्यापुढे ठेवायची. ती त्यानेच प्यायची, तो नसेल तर त्याच्या रक्ताच्या माणसाने. आणि ती रिकामी होईपर्यंत कुणी बोलायचं नाही, कुणी उठायचं नाही. राजानेसुद्धा नाही.

सकाळी सगळे बसले. भाले मागे रचून ठेवलेले. लुपेने करवंटी भरली आणि निघाली. राजाने हात पुढे केला. आणि ही पोरगी राजाला ओलांडून सरळ पुढे गेली! शेजारी एक चटई रिकामी होती. तिच्यावर करवंटी ठेवून खणखणीत म्हणाली, "फेतू."

बाई बाई! तिच्या बापाने डोळे मिटून घेतले. राजा लालबुंद झाला. पण बोलणार कसा? करवंटी भरलेली. लढाईचा हुकूम देता येईना, लुपेला फेका म्हणता येईना.

मग ऊन चढलं. कुणी खोकेना, कुणी हलेना. शेवटी राजाच गुडघ्यांवर सरकत सरकत त्या चटईपाशी आला. फेतूच्या रक्ताचा तोच एक उरला होता ना. त्याने करवंटी उचलली. घटाघटा प्यायला. आता बोलायला मोकळा. सगळ्यांना वाटलं, संपली लुपे.

राजा म्हणाला, "त्या दिवशी समुद्र खवळला होता. फेतू नको म्हणत होता. मीच म्हणालो, भित्रा कुठला, काढ होडी."

अगं आई गं. बापानेच धाडलं होतं पोराला! बेटावर कुणाला ठाऊकच नव्हतं. मग राजा ओक्साबोक्शी रडला, आणि रडता रडता तिथेच आडवा होऊन झोपला. राजा उठल्याशिवाय कुणी उठायचं नाही, ही पण रीतच. मग सगळे बसल्या जागी पेंगत राहिले.

राजाला जाग आली, तर समोर लुपेचा बाप. राजा त्याच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "मुलगी जवळ आहे ना तुझ्या? घरी घेऊन जा तिला. होड्या उद्या मासे धरायला काढा."

मग हेही बेट सुखात राहिलं, तेही बेट सुखात राहिलं. मिटा आता डोळे. कोण मुसमुसतंय तिकडे? ये, माझ्या कुशीत ये.