बाईंना साखर किती?

“…पण आपण आता फार दिवसांचे सोबती नाही, हे त्याला कळतं का?”

डॉक्टर वैजयंतीबाईंनी मठातल्या वृद्ध विश्वंभरबुवांना विचारलं. गतिमंद माणसांची अखेरची शुश्रूषा कशी व्हावी, यावर बाईंचं संशोधन चाललं होतं. बरीच गावं पालथी घालून त्या कृष्णाकाठच्या या मठात आल्या होत्या. आपल्याला यातलं पुष्कळ कळतं, असं त्यांना वाटे. तसं थोडंफार कळतही होतं.

ज्याच्याबद्दल प्रश्न, तो रंगनाथ तिथेच ओसरीवर वाती वळत बसला होता. पन्नाशी उलटलेला गडी, पोरवयापासून मठातलाच. बोलणं अगदी सावकाश. पोटात गाठ झालेली, आणि आता औषध होतं ते दुखण्यापुरतं. उद्या त्याला शहरातल्या इस्पितळात हलवायचं की इथेच ठेवायचं, हे बाई सांगतील तसं करू, असं त्याच्या भावाने बोलून टाकलं होतं.

बाईंनी प्रश्नांचा सपाटा लावला. त्याला दुखतं कुठे, झोप लागते का, इथे करमतं का, मरणाची भीती वाटते का… सगळं बुवांना. रंगनाथ एकदा बाईंकडे बघे, एकदा बुवांकडे, आणि पुन्हा कापसाला हात घाली.



तेवढ्यात चहा आला. बुवांनी साखरेचा डबा पुढे ओढला.

“रंगनाथ, या बाईंना साखर किती लागते?”

म्हाताऱ्याला चळ लागला की काय, अशा नजरेने रंगनाथने त्यांच्याकडे पाहिलं.

“मला काय इचारता? त्या हितंच बसल्यात की.”

…

बाई चांगल्याच ओशाळल्या. मग त्यांना हसू फुटलं. रंगनाथ तर आधीच हसत होता.

त्या उठून त्याच्याशेजारी जाऊन टेकल्या. उद्यापासून कुठे राहायचं, इस्पितळात की मठात, हे त्यांनी त्यालाच विचारलं. उत्तराला वेळ लागला. चहावर साय धरली. बाई थांबल्या.

“हितंच,” रंगनाथ म्हणाला. “हितं कोण घोरतंय ते अंधारातबी कळतं मला.”

भावाला तसंच सांगते, असं बाईंनी त्याला कबूल केलं. मग धीर करून मघाचा तो अवघड प्रश्नही त्याच्यापुढेच ठेवला. मरणाची भीती वाटते का?

रंगनाथने हातातली वात पुरी केली.

“वाटती कधी कधी. तुमास्नी?”

…

इतकी वर्षं हाच विषय घेऊन बसलेल्या बाईंना हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्या पार गडबडल्या, आणि सवयीने त्यांची नजर बुवांकडे वळली.

बुवा बशीत चहा ओतत होते.

“माझ्याकडे काय बघता, बाई? त्याने तुम्हाला विचारलंय.”