खारूताईवर संशय?

फार जुन्या काळी कोल्ह्याच्या शेतावर राबणाऱ्या प्राण्यांनी संप पुकारला. संपात खायला सगळ्यांनी शेंगा जमवल्या आणि प्रामाणिक खारीला खजिनदार नेमलं.

"शेंगा कुठे ठेवल्यास गं?" साळुंकीने भर सभेत विचारलं.

सभा हादरली. ससा ओरडला, "खारूताईवर संशय? अगं, एकमेकांकडे हिशेब मागायला आपण काय कोल्हे आहोत?" साळुंकी वरमून गप्प बसली.

पुढे पिल्लं भुकेने रडू लागली. खारीने एक जागा उकरली, दुसरी उकरली आणि ती मटकन खाली बसली. "देवाशप्पथ, मी एक शेंगही खाल्ली नाही. पण पुरल्या कुठे, तेच आठवत नाही!"

संध्याकाळी सगळे मान खाली घालून कोल्ह्याच्या दारात उभे राहिले. तिथे ससा साळुंकीच्या कानाशी कुजबुजला, "तू पुन्हा का नाही विचारलंस?"