तांडेलाच्या हातातली दोरी

पूर्वी शंखपट्टण बंदरावर वीतसेन राजाचा अंमल असताना बोधिसत्त्वांनी पाणबुड्यांच्या कुळात जन्म घेतला. नाव आर्यक. तरुणपणी त्यांनी समुद्राच्या तळातून मोत्यांचे शिंपले काढले. म्हातारपणी गावाने त्यांना पाणी पाहण्याचं काम दिलं. होड्या निघण्याआधी ते खडकावर उभे राहत आणि आज बुडी मारावी की नाही ते सांगत.

त्या बंदराची एक रीत होती. पाणबुडा धोंडा धरून तळाशी जाई, तेव्हा त्याच्या कमरेची दोरी वर होडीत त्याच्या बायकोचा भाऊच धरी. आपली बहीण विधवा व्हावी असं कुठल्या भावाला वाटेल? होड्यांचा प्रमुख, म्हणजे तांडेल, होता रोहक. तोही पूर्वी बहिणीच्या नवऱ्याची, सुबाहूची, दोरी धरायचा. तांडेलकी मिळाली आणि ते काम त्याने एका मजुरावर टाकलं. स्वतः किनाऱ्यावरून हुकूम सोडू लागला.

राजकन्येच्या लग्नाला चार दिवस उरले होते आणि मोती कमी पडत होते. त्या सकाळी समुद्र परातीतल्या पाण्यासारखा स्थिर होता. अकरा पाणबुडे होड्यांत जाऊन बसले, त्यांत सुबाहूही होता. आर्यक खडकावरून उतरले आणि म्हणाले, "आज नको."

"आजोबा, इतकं निवळ पाणी वर्षभरात पाहिलं नाही," रोहक म्हणाला. "वाराही नाही."

"वारा इथे नाही, लांब कुठेतरी आहे. खडकाच्या फटीत बघ. रोज दोन श्वासांत परत येणारं पाणी आज पाच श्वास घेतंय. दूरच्या वादळाचा रेटा तळापर्यंत पोचतोय. वरून दिसणार नाही."

"फटीतल्या चूळभर पाण्यासाठी राजाला नाही म्हणू? म्हातारपणी माणूस सावलीलाही भितो म्हणतात, ते खोटं नाही."

सगळे हसले. आर्यकांनी वाद घातला नाही. त्यांनी स्वतःच्या कमरेला दोरी बांधली आणि दुसरं टोक रोहकच्या हातात दिलं. "बंदराच्या तोंडाशी आधी मी उतरतो. माझा मेहुणा कधीच वारला. तू धर."

नाही कसं म्हणणार? रोहक होडीत बसला. म्हातारा धोंड्यासकट खाली गेला. दोरी सैल, पाणी निवळ. रोहकला हसूच येत होतं.

तेवढ्यात दोरीला हिसका बसला. ती आडवी धावत सुटली, थांबली आणि उलट्या दिशेने खेचू लागली. रोहकच्या तळहातांची सालटी निघाली. वर पाणी तसंच गप्प होतं. डोळ्यांना एक दिसत होतं, हातांना दुसरंच कळत होतं. होडीच्या कडेला पाय रोवून त्याने जिवाच्या आकांताने दोरी ओढली.

आर्यक वर आले तेव्हा खांदा खडकावर सोलवटला होता आणि नाकातून रक्त येत होतं. रोहकने वळून त्या अकरा जणांकडे पाहिलं.

"ह्यांना मी पाठवत होतो," तो म्हणाला. "सुबाहूलासुद्धा."

होड्या वर ओढल्या गेल्या. दुपारी, वाऱ्याची झुळूकही नसताना, जिथे शिंपले काढायचे त्याच उथळ जागेवर माडाएवढी लाट फुटली. मग दुसरी, मग तिसरी.

लाटांकडे पाहत रोहकने विचारलं, "आजोबा, तुम्ही खालीच राहिला असतात तर?"

"तर तुझी खात्री पटली असती," आर्यक म्हणाले, "आणि अकरा घरं वाचली असती."

"हे ठाऊक असून उतरलात?"

"तू मला रोज विचारायचास, रोहक. आज उत्तर ठरवून आला होतास. अशा माणसाला सांगून कळत नाही, त्याच्या हातात दोरी द्यावी लागते."

एवढी गोष्ट सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, थांबले. समोर एक भिक्षू मान खाली घालून बसला होता. आदल्या दिवशी, लोक नको म्हणत असताना, त्याने शिष्याला पुराच्या नदीत उतरवलं होतं आणि गावकऱ्यांनी त्या शिष्याला कसंबसं बाहेर काढलं होतं.

"तो तांडेल म्हणजे तू," शास्ते शांतपणे म्हणाले. "सुबाहू म्हणजे तुझा तो शिष्य. खाली उतरलेला म्हातारा मी होतो. दिसतं त्याच्या तळाशी काय आहे हे ओळखणं ही प्रज्ञा. आणि ज्याला ते पटत नाही त्याच्यासाठी आधी आपण उतरणं, ही करुणा."