रंगरावांची तोफ

"पण महाराज, धूर मुरत का नाही?"

रंगराव पोवारांनी परत तेच विचारलं.

माळावर पत्र्याच्या छपराखाली धुनी होती आणि धुनीमागं चिमटेबाबा बसले होते. बाहेर आषाढाची रिपरिप चालू होती. बाबांनी चिमट्यानं एक ओंडका पुढं सरकवला.

माळावर लोक येत ते अंगारा मागायला. कुणाचं पोर रात्री किरकिर करायचं, कुणाची म्हैस पान्हा चोरायची. धुराची तक्रार घेऊन आलेला माणूस हा पहिलाच.

"कशात मुरत नाही?"

"कोंबडीत."

बाबांनी चिमटा खाली ठेवला.

"मटणात पण मुरायला पाहिजे, महाराज. पण अजून मटण घालायचा धीर होईना."

आता हे रंगराव कोण, ते सांगायला पाहिजे. माणूस साखर कारखान्यात फिटर होता. रिटायर झाला, सत्काराची शाल कपाटात गेली आणि हात रिकामे राहिले. अशातच त्यांनी मोबाईलवर एक दाढीवाला अमेरिकन बघितला. त्याच्याकडं चाकावरची एक लांबलचक लोखंडी टाकी होती. तिच्यात तो सकाळी मटण ठेवायचा आणि संध्याकाळी काढायचा. जाळावर भाजायचं नाही, कढईत शिजवायचं नाही, नुसत्या धुरावर. हात लावला की हाडापासून सुटून यायचं.

झालं. तेव्हापासून रंगरावांना जेवण गोड लागेना.

दुधाच्या टँकरची भंगारात निघालेली टाकी आली. ट्रॅक्टरची मोडकी ट्रॉली आली, तिला नवे टायर बसले. ग्राइंडरच्या ठिणग्या उडायला लागल्या आणि गल्लीतल्या बायकांच्या दुपारच्या झोपेचं खोबरं झालं. टाकी लाल रंगवून ट्रॉलीवर चढली तेव्हा गल्लीनं तिचं बारसंही उरकलं. तोफ.

"काय रंगराव, कुठल्या किल्ल्यावर चाललाय?"

"स्मोकर आहे तो," रंगराव सांगत. एकेक अक्षर सुटं करून सांगत. गल्ली मान डोलवी आणि पुढच्या वळणावर परत तोफ म्हणे.

तिथंच रंगरावांची जीभ घसरली. चार माणसांत म्हणून बसले, "गटारीला अख्खी गल्ली माझ्याकडं जेवायला. कुणाच्या घरात चूल पेटता कामा नये."

अमावास्या तर परवावर आली. ती उलटली की श्रावण. मग महिनाभर गल्लीत कुणी मटणाचं नाव काढणार नाही. गटारीला फजिती झाली, तर तो अख्खा महिना गल्लीला चघळायला मटण नाही, रंगरावच.

आणि फजितीची चिन्हं दिसत होती. परीक्षा म्हणून दोन कोंबड्या घातल्या. गोऱ्यापान गेल्या, डांबरासारख्या बाहेर आल्या. चव कडूजहर. गल्लीतल्या कुत्र्यानं वास घेतला, रंगरावांकडं बघितलं आणि माणसानं सांत्वनाला येऊन जावं तसं थोडा वेळ बसून निघून गेलं.

त्या दिवशी त्यांची बायको मालन न्हाणीच्या दारातून म्हणाली होती, "नाक दाबलंय तुम्ही त्याचं."

तोफेच्या धुराड्याच्या तोंडावर रंगरावांनी एक जाड टोपण बसवलं होतं, पक्कं वेल्डिंग करून. एवढी आंब्याची लाकडं जाळायची, एवढा धूर करायचा आणि वरनं सोडून द्यायचा? वाया?

"तुला काय कळतंय त्यातलं?" रंगराव म्हणाले. "तू पाणी तापव."

ती पाणी तापवायला गेली.

हे सगळं बाबांना सांगून झालं. बायको काय म्हणाली एवढं सोडून.

बाबांनी चिलीम भरली, निखारा ठेवला आणि रंगरावांपुढं धरली.

"ओढ."

रंगरावांनी हात जोडले, मग ओढली. छाती भरून ओढली.

"आता सोडू नको."

रंगराव बसले. गाल फुगले. डोळे मोठे झाले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बाबा शांतपणे धुनीतली राख सारखी करत होते.

मग रंगराव फुटले. खोकता खोकता छपराच्या खांबाला टेकले, डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ.

"का सोडलास?"

"गुदमरलो की... महाराज..."

रंगरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं. हळूहळू त्यांचा चेहरा उजळला. "कळलं, महाराज."

"काय कळलं?"

"टाकी लहान पडतेय."

धुनीत एक निखारा फुटला. मग बाबांनी चिमटा उचलला, गुडघ्यावर हात टेकवून उठले आणि म्हणाले, "चल. दाखव तुझी टाकी."

बाबा माळ उतरून येताहेत म्हटल्यावर गल्ली घरात कशी राहील? कुणाला साखर मागायची आठवण झाली, कुणाला छत्री वाळत घालायची. रंगरावांच्या कुंपणाच्या भिंतीवर पाचसहा तोंडं रांगेनं उगवली.

रंगरावांना हुरूप आला. ट्रॉलीवर हात ठेवून ते सांगायला लागले.

"इथं ह्या पेटीत जाळ. इथनं धूर आत शिरतो. आत जाळ्या, जाळ्यांवर मटण. म्हणजे बघा, जाळ मटणाला शिवतच नाही."

"सोवळ्यातलं मटण," बाबा म्हणाले.

भिंतीवरचं एक तोंड फिस्सकन हसलं. रंगराव थांबले नाहीत. "धूर असा फिरतो, महाराज, आणि ह्या टोकाला..."

तेवढ्यात मालन न्हाणीतून बाहेर आली. पदरानं डोळे पुसत होती. नाक लाल, केसांवर राखेचे कण. तिच्यामागून दाराच्या वरच्या फटीतून धुराचा लोट बाहेर आला. बाबांना बघून तिनं डोक्यावर पदर घेतला.

"बाई, का रडतेस?"

"रडत न्हाई, बाबा. पाणी तापवतेय."

बाबांनी न्हाणीच्या छपराकडं बघितलं. पत्र्यात एक गोल भोक होतं आणि पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून त्यावर एक फुटकं घमेलं पालथं घातलं होतं.

वाऱ्याची एक झुळूक आली. पडवीत दोरीवर मालनचं लुगडं वाळत होतं, त्याचा सोगा उडून बाबांच्या तोंडावर आला. बाबांनी तो बाजूला केला. मग थबकले. परत नाकाजवळ नेला.

"बाई, हे धुतलंय?"

"सकाळीच धुतलंय, बाबा. साबण लावून."

"रंगराव, इकडं ये."

रंगराव आले.

"हुंग."

"महाराज, सगळी बघत्यात..."

"हुंग."

भिंतीवरच्या तोंडांदेखत रंगराव पोवारांनी बायकोचं लुगडं हुंगलं. एकदा. मग स्वतःहून परत एकदा.

बाबा म्हणाले, "मुरत नाही म्हणत होतास ना..."

न्हाणीत पाणी उकळल्याचा आवाज येत होता. भिंतीवर कुणी हसलं नाही.

बाबा ट्रॉलीजवळ गेले. लाल रंगाचं ते जाडजूड धुराडं त्यांनी चिमट्यानं वाजवलं. टण्ण.

"हे कुणी केलं?"

"मीच की. कारखान्यातल्या जुन्या नळीचं. जोड कुठं दिसतोय का बघा." रंगरावांना तेवढ्यातही राहवलं नाही.

"कधी केलं?"

"... लग्न झालं त्या साली."

"मटणासाठी?"

लग्न होऊन मालन ह्या घरात आली, तेव्हा तिच्या डोळ्यांना धूर सोसत नाही म्हणून नव्या नवऱ्यानं सुट्टीच्या दिवशी बसून न्हाणीसाठी ते धुराडं घडवलं होतं. गल्लीतल्या म्हाताऱ्या तेव्हा मुद्दाम बघायला येऊन गेल्या होत्या. बायकोसाठी लोखंड वाकवणारा माणूस त्यांनी बघितला नव्हता.

"तिला दुसरं करून देणारच होतो," रंगराव हळू आवाजात म्हणाले.

"व्हय," मालन म्हणाली. "संक्रांतीपासनं देत्यात."

"अगं, एवढी गटारी होऊ दे, की लगेच..."

"काढ," बाबा म्हणाले.

"महाराज, आत्ता? परवा जेवणावळ. हे काढलं तर तोफेला... स्मोकरला नुसतं भोक राहील. धूर सगळा निघून जाईल."

"जाऊ दे."

"मग मटणात काय मुरणार?"

बाबा पडवीत जाऊन पोत्यावर बसले. चिमटा शेजारी ठेवला. "बाई, चहा टाक. ह्याचं होईपर्यंत मी बसतो."

रंगरावांनी बाबांकडं बघितलं, मालनकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं. तिन्हीकडून काही मदत आली नाही. त्यांनी ग्राइंडर उचलला.

लाल धुराडं सुटलं. रंगराव घटकाभर ते नुसतं मांडीवर घेऊन बसले. मग टोपण कापून टाकलं, आतली काजळी झाडली आणि रिपरिपीत न्हाणीच्या छपरावर चढले. खालून गल्लीनं हयातभराचं शहाणपण पुरवलं. डावीकडं घ्या, रंगराव. उजवीकडं कललंय. पत्रा सांभाळा, वजन बघा तुमचं. रंगरावांनी कुणाला उलट उत्तर दिलं नाही.

धुराडं बसलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग त्यातून धूर निघाला आणि सरळ वर गेला.

मालन बाहेर आली. मान वर करून तिनं त्या लाल नळीकडं बघितलं, मग छपरावर भिजत बसलेल्या नवऱ्याकडं. आत गेली. आत भांडी वाजली, पण हळू वाजली.

बाबांनी चहा संपवला आणि ते माळावर निघून गेले.

गटारीच्या सकाळी रंगरावांनी तोफ पेटवली ती देवाचं नाव घेऊनच. मटण जाळ्यांवर मांडलं, दार लावलं. टोकाच्या भोकातून धूर निघायला लागला, बारीक, निळसर. चालला तो चाललाच. लेक सासरी निघाल्यासारखे रंगराव त्याच्याकडं बघत उभे होते. दोनदा तळहात भोकावर ठेवायला गेले आणि दोन्ही वेळा मालननं भाकरी थापता थापता नुसतं वर बघितलं.

दुपार कलली तेव्हा दार उघडलं.

मटणाला शिसवी पाटासारखा रंग आला होता. रंगरावांनी एक तुकडा चिमटीत धरला आणि ओढला. हाड हातात आलं, मटण जाळीवरच राहिलं.

ते तसेच हाड धरून उभे राहिले.

मग काय विचारता. पडवीत, ओट्यावर, ट्रॉलीच्या आडोशाला, मिळेल तिथं पंगत बसली. श्रावणाची बेगमी असल्यासारखी गल्ली जेवली. परवापर्यंत तोंडावर पदर धरून हसणाऱ्या बायका पातेली घेऊन आल्या होत्या.

"रंगराव, तोफ उडाली बरं का."

रंगरावांनी दुरुस्ती केली नाही. खांद्यावर फडकं टाकून ते पंगतीतून फिरत होते, पण लक्ष सगळं पडवीच्या कोपऱ्यात. तिथं चिमटेबाबा जेवत होते. बाबांचा नेमधर्म साधा. समोर येईल ते खायचं, नावं ठेवायची नाहीत. पण म्हणून ते चांगलंही म्हणायचे नाहीत, आणि रंगरावांना गल्लीच्या शंभर ढेकरांपेक्षा तेवढंच ऐकायचं होतं.

सगळ्यांना वाढून झाल्यावर मालन पंगतीच्या टोकाला बसली. पहिलाच घास मोडला होता.

रंगराव बाबांपुढं येऊन उभे राहिले.

"महाराज..."

बाबा हाड चोखत होते.

"आज कळलं, महाराज. धूर सोडला की मुरतो."

बाबांनी हाड ताटात ठेवलं.

"तुमच्याच तोंडून ऐकायचंय. मुरलाय का?"

पंगतीतला गलका कमी झाला. सगळ्यांचे कान पडवीकडं लागले.

बाबांनी दोन्ही हात पुढं धरले. मनगटापर्यंत ओशट झाले होते.

"हात धुवायचेत," ते म्हणाले. "पाणी ऊन आहे का?"

रंगरावांनी तोंड उघडलं. न्हाणीकडं बघितलं. छपरावरच्या धुराड्याकडं बघितलं. मग, इतकी वर्षं बघत आले तसं, मालनकडं बघितलं.

मालननं घास ताटात ठेवला आणि ती उठायला लागली. "आहे, बाबा. आणते."

"तू जेव, बाई," बाबा म्हणाले. "मी ह्याला विचारलं."