कवडी कोंबडीचा अडकलेला घास

एक होती कवडी कोंबडी. तिचं पिल्लू ठिपकू. रोज सकाळी कवडी म्हणायची, "कुक् कुक्! ये, दाणा घे!" की ठिपकू धावलाच.

आज कुक् कुक् नाहीच! कवडी गप्प. मान वाकडी. गळ्याखालची पिशवी टम्म! समोर दाणे, पण एकही खाईना. ठिपकू फार घाबरला.

गेला शेजारच्या भागामावशीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"मावशी, मावशी! आई खाईना!"

मावशीने डोळे केले बारीक.

"खाईना? की नुसतं सोंग? काहीतरी गडबड आहे!" मग तिने पिशवी चाचपली. "अगं बाई, ही तर गच्च! चोळायला हवी. पण तेलाशिवाय मी नाही चोळायची. जा, घाण्याच्या बैलाला सांग."

तुरुतुरु तुरुतुरु.

"बैलदादा, बैलदादा, घाणा फिरव! आई खाईना, मावशी चोळेना!"

बैलाने डोळे केले बारीक.

"काल मालक म्हणे वैरण देतो. दिली का कुणी? काहीतरी गडबड आहे! आधी हिरवं गवत, मग घाणा."

तुरुतुरु तुरुतुरु.

"गवतदादा, गवतदादा, हिरवा हो! आई खाईना, मावशी चोळेना, बैल फिरेना!"

गवताने डोळे केले बारीक.

"माझी लांब वाळकी काडी कुणी गिळली? काहीतरी गडबड आहे!"

"आईनंच गिळली," ठिपकू म्हणाला. "तीच अडकलीय."

"खरं बोललास हो! पण मी तहानलोय. आधी पाटाचं पाणी."

तुरुतुरु तुरुतुरु.

"पाटदादा, पाटदादा, पाणी सोड! आई खाईना, मावशी चोळेना, बैल फिरेना, गवत डोलेना!"

पाटाने डोळे केले बारीक.

"एवढासा तू, आणि एवढं पाणी कशाला? काहीतरी गडबड आहे! आणि माझ्याच गळ्यात माती अडकलीय. ती कोण काढणार?"

"मी!"

इवलीशी चोच, इवलेसे पाय. खरखर, खरखर! माती हलली. भस्सकन पाणी सुटलं!

पाट वाहिला, खळखळ. गवत डोललं, सळसळ. बैल फिरला, कर्र कर्र. तेल आलं, टिप टिप. मावशीने थेंबभर पाजलं. पिशवी चोळली. हळूहळू, हळूहळू. पिशवी झाली मऊ. काडी सरकली!

"कुक् कुक्! ये, दाणा घे!"

ठिपकू धावलाच. पहिला दाणा त्याचा!

इतक्यात कवडीला दिसली एक लांब वाळकी काडी. तिने चोच पुढे केली.

ठिपकूने डोळे केले बारीक.

"आई, थांब! काहीतरी गडबड आहे!"

काडी राहिली मातीपाशी, आई आली पिल्लापाशी.