राजाच्या मिशीतलं मोहोळ

ह्यातला एक तरी शब्द खरा मानून दाखवा बघू. नाही जमायचं तुम्हाला. पण ऐका.

एक होता राजा. त्याच्या मिशा खराट्याएवढ्या, आणि त्याला रोज लागायचे भोपळ्याचे घारगे. भोपळे यायचे हौसा माळणीच्या वाडीतून. हौसा एकटी, आणि ती वाडी तेवढीच तिची.

एकदा काय झालं, एक मधमाशी राजाच्या नाकाला डसली. नाक झालं वांग्याएवढं. राणी हसली, तसा राजा चिडला. दवंडी पिटवली, धूर करा आणि राज्यातली सगळी मोहोळं उठवा. गेल्या बिचाऱ्या माश्या डोंगरापलीकडे.

मग पुढच्या साली हौसाचे वेल फुलले, पण भोपळा काही धरेना. सुपारीएवढा व्हायचा, पिवळा पडायचा, गळायचा. राजानं निरोप धाडला, दसऱ्याला ताटात घारगे नसले तर वाडी काढून घेईन.

हौसानं वेलांची दृष्ट काढली. काही नाही. बुंध्याला ताक घातलं. काही नाही. मग ती बांधावर नुसती गप बसून राहिली. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, वाडीत गुणगुणच नाही.

उठली ती थेट राजाकडे.

"महाराज, एका फुलातली पिवळी भुकटी दुसऱ्याला लागली की भोपळा धरतो. ते काम माशीचं. माशी तुम्ही घालवलीत, आता तुम्हीच करा. मिशा आहेतच."

"मी रांगू वेलात?"

"घारगे मला खायचेत का?"

मग काय, राजा रांगला बरं का. ह्या फुलात मिशी, त्या फुलात मिशी. ऊन चढेपर्यंत तीन फुलं झाली आणि कंबर धरली.

"हौसाबाई, माशी किती फुलं करते?"

"न्याहारीच्या आत शंभर. आणि कण्हत नाही."

मग राजा मुकाट्यानं हौसाबरोबर डोंगरापलीकडे गेला. माश्यांना मिशीतल्या फुलांचा वास आला. आल्या की सगळ्या, आणि लटकल्या मिशीला. बेंबीपर्यंत दाढी झाली, गुणगुणणारी.

हौसा म्हणाली, "आता शिंकायचं नाही, महाराज. शिंकलात तर ह्या पुन्हा यायच्या नाहीत. नाकाचं तर मी बोलतच नाही."

निघाले. ओढ्याशी नाकाला गवत लागलं. राजानं शिंक दाबली. वेशीवर प्रधान म्हणाला, "महाराज, दाढी शोभते हं." राजानं हसू दाबलं. आणि वाडीशेजारी कुणा बाईनं नेमकी तेव्हाच मिरच्यांची फोडणी दिली. राजाचे डोळे गरगरले, कान लाल झाले, शिंक पार शेंडीपर्यंत चढली. हौसानं दोन बोटांत राजाचं नाक धरलं आणि तसंच ओढत त्याला आंब्याखाली नेलं. राणीमाशी फांदीवर गेली, तिच्यामागून सगळ्या गेल्या.

मग सोडलं नाक.

अशी शिंक आली, की राजवाड्याची कौलं उडाली आणि राजाचं पागोटं आंब्यात जाऊन अडकलं. माश्या म्हणाल्या, हे घर बरं आहे. अजून त्यातच राहतात. राजा बोडक्यानं फिरतो, पण पागोटं मागत नाही.

दसऱ्याला भोपळेच भोपळे. वाडी हौसाचीच राहिली. राजानं सतरा घारगे खाल्ले, अठरावा आंब्याखाली ठेवला. आणि नवी दवंडी पिटवली, मोहोळाला जो धूर घालील, त्यानं वेलात रांगायचं. मग कोण घालतंय? सगळे मजेत राहिले.

झाली गोष्ट. आता आपापली नाकं सोडा, केव्हाची धरून बसलाय. जा, पळा, निजा.